दुसऱ्याच्या आईचं लुगडं हाती घेण्याआधी

माजलगावजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. घरी पायमशीन आहे, हातशिलाईची वाकळ आणि भरतकाम दोन्ही चांगलं येतं, आजवर नात्यागोत्यात फुकट नाहीतर मिळेल त्या पैशांत करून दिलं. आता पुण्यातल्या ओळखीच्या एक बाई वारलेल्या आईची तीन लुगडी पाठवणार आहेत, त्यांना दिवाळीआधी गोधडी हवी आहे. मजुरी किती सांगावी, कर्ज काढून कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन घ्यावी का, आणि गावात बसून हा धंदा चालतो का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, धंदा चालतो. मी परभणीत बरीच वर्षं हेच काम करते आणि त्यावर घर चालवलं आहे. तुम्ही मजुरी आधी विचारलीत, पण मी कापडापासून सुरुवात करते. फर्माईशीच्या कामात मजुरी, मुदत, तुमचं नाव आणि उद्या होऊ शकणारं भांडण, हे सगळं कापड ताब्यात घेताना ठरून जातं. बाजारातून आणलेलं कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं. गेलेल्या माणसाचं लुगडं दुसरं मिळत नाही. म्हणून कापड घेताना तास गेला तरी जाऊ द्या, तो वाया जात नाही.

पुण्याहून पार्सल आलं की लगेच धुवायला टाकू नका. आधी उघडून, सतरंजीवर पसरून, फोटो काढा. मग एकेक लुगडं दारात उजेडासमोर धरा. नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. काष्ट्याचा भाग आणि बसायची जागा आधी जाते, पदराची आतली बाजू आणि निऱ्यांतला भाग बरेचदा मजबूत असतो. उजेडात जिथे जाळीसारखं दिसतं, तिथे दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड आडवं हलकेच ताणा. ‘टर्र’ असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून पोकळी पडली, तर तो भाग वरच्या थरात घ्यायचा नाही. तो आत जाईल, किंवा काढून टाकावा लागेल. खडूने तिथल्या तिथे फुली मारा. घड्यांच्या रेषाही बघा. वर्षानुवर्षं पेटीत एकाच घडीत पडलेलं कापड बरोबर त्या रेषेवर तुटतं, रेशमी असेल तर हमखास.

त्यानंतर रंग. पांढऱ्या सुती कपड्याचा तुकडा ओला करून काठाच्या आतल्या कोपऱ्यावर दाबून घासा आणि वरून गरम इस्त्री ठेवा. लाल, मरून, काळा, गडद निळा हे रंग विशेष तपासा. डाग उतरला तर ते लुगडं वेगळं भिजवा, पाणी बदलत राहा. तरीही रंग सुटत असेल, तर फिक्या कापडाशेजारी ते लावू नका आणि मालकिणीला तसं फोनवर नाही, लिहून कळवा.

धुण्याचंही विचारूनच करा. आईच्या लुगड्याला आईचा वास असतो आणि काही लेकींना तोच हवा असतो. एका ताईंनी मला हात जोडून सांगितलं होतं, धुऊ नका म्हणून. अशा वेळी मी दोन दिवस सावलीत वारा देते, एक दिवस कोवळ्या उन्हात घालते, कसरीची, म्हणजे कापड खाणाऱ्या किड्याची, अंडी असतील तर झटकून काढते आणि तशीच शिवते. पण रंगाची चाचणी तिथेही सोडत नाही, कारण गोधडी कधीतरी धुतली जाणारच. बाकी गिऱ्हाइकांना मी धुऊनच पाठवायला सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे लुगड्यांना पाच-पाच पाणी कुठून आणायचं? पुण्यात त्यांच्या नळाला पाणी असतं. हे सांगायला संकोच वाटू देऊ नका.

हे सगळं तपासून झालं की वही काढा. तारीख, नाव, फोन, कापडाचं वर्णन, कुठे काय फाटलं आहे, रंग सुटतो का, गोधडीचं माप, किती थर, हातशिलाई की मशीन, काठ कुठे घ्यायचे, मजुरी, आगाऊ किती, देण्याची तारीख. वर्णन लिहिताना एक काळजी घ्या. जरीच्या काठाची प्रत्येक साडी लोकांसाठी ‘पैठणी’ असते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीच्या पदराची नक्षी उलट बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावर विणलेल्या साडीच्या पाठीमागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठराविक भागातल्या खऱ्या मालालाच लावता येतं. तुम्ही वहीत ‘पैठणी’ लिहिलं आणि ती तशी नसली, तर उद्या ‘माझी खरी कुठे गेली’ हा प्रश्न तुमच्या दारात येईल. ‘रेशमी, जरीकाठी, मोरपंखी’ एवढं लिहा. त्या पानाचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा, त्यांचं ‘ठीक आहे’ आलं की मग कातर. जुन्या कापडाचा न शिवलेला भाग पुढे विरला तर त्याची हमी नाही, दोरा उसवला तर वर्षभर मी मोफत दुरुस्त करून देईन, ही दोन वाक्यं मी प्रत्येक पानाच्या खाली लिहिते.

उरलेली कात्रणं मात्र परत करायची. चिंधीएवढा तुकडा असला तरी ते त्यांचं आहे. वेगळ्या पिशवीत बांधून गोधडीबरोबर द्या. मला नवी कामं आणून देणाऱ्या निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांनी आधी त्या पिशवीचंच कौतुक केलं आहे.

आता तीन लुगड्यांत काय होतं ते मोजून घ्या, म्हणजे फोनवर ठामपणे बोलता येईल. एका माणसाची गोधडी ५ फूट बाय ७ फूट धरू. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच असेल तर ६० इंच लांबीच्या दोन पट्ट्या जोडून एक थर होतो. शिलाईत दोन इंच गेले तरी ८८ इंच मिळतात. ७ फूट म्हणजे ८४. वरचे चार इंच लागतातच, कारण टाके भरताना गोधडी थोडी आकसते. नऊवार म्हणजे ३२४ इंच. एका लुगड्यातून अशा पाच पट्ट्या निघतात आणि २४ इंच उरतं, ते गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, कामी येतं. तीन लुगड्यांच्या पंधरा पट्ट्या. त्यातल्या तिसऱ्या हिश्शाला फुल्या पडल्या तरी दहा उरतात, म्हणजे पाच थर. परभणीत कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, त्याला पाच थर बरे. पुण्यातल्या बंद फ्लॅटसाठी चार पुरतात आणि हातालाही सोपे जातात. साडी पाचवारी, म्हणजे साडेपाच मीटरची असेल तर तीनच पट्ट्या, दीड थर. गिऱ्हाईक दोन पाचवारी पाठवून जाड गोधडी मागतं, तेव्हा हा हिशोब त्यांना समजावून सांगा आणि आतल्या थरासाठी घरातली जुनी सुती चादर किंवा धोतर मागवा. नवं कापड आत घालायची वेळ आली तर ते आधी धुऊन आकसवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात आतला थर आकसतो आणि वरचा फुगून उभा राहतो.

नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या हातशिलाईला घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या सरकतात, घाम टिपत नाहीत, सुई घसरते. त्या मशीनवरच्या गोधडीला किंवा पिशव्यांना ठीक. रेशमी जुनी साडी पांघरायच्या गोधडीत घालू नका, वर्ष-दोन वर्षांत ती घडीवर तुटेल. तिला मलमलचं अस्तर जोडून उशीचे अभ्रे करा, भिंतीवर लावायची चौकट करा, नाहीतर सुती गोधडीच्या मधोमध एक चौकोन. छत्रपती संभाजीनगरकडची हिमरू शाल आली तर तिची उलट बाजू बघा. तिथे नक्षीचे धागे मोकळे तरंगतात आणि अंगठीत, बांगडीत अडकून ओढले जातात. तिला पूर्ण अस्तर लागतंच.

अंथरणं मांडताना घाई नको. सगळे थर सपाट जमिनीवर, कोपऱ्यांवर वजन ठेवून, हाताने मधून बाहेर सारत पसरायचे आणि वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके मधूनच बाहेर न्यायचे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हेच टाळतात आणि मग शेवटच्या कोपऱ्यात झोळ गोळा होतो. कच्चा टाका नीट पडला असेल तर पुढे तुम्ही सरळ ओळी घाला किंवा कडेकडेने फिरत मध्याकडे या, कापड हलत नाही. दोरा हातभरच घ्या, मेणावरून ओढून. लांब दोरा घेतला की सारखा पीळ पडतो, वेळ वाचत नाही. लांब सुई, मोठं नेढं, मधल्या बोटात अंगुस्तान.

आता मजुरी. लोक म्हणतात, ‘जुन्याच कपड्यांची तर शिवायची आहे, त्याला कसले एवढे पैसे?’ यावर चिडू नका, टाक्यांची लांबी सांगा. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीत इंचा-इंचावर ओळी घातल्या तर साठ ओळी होतात, प्रत्येक ८४ इंचांची. मिळून ५,०४० इंच, म्हणजे १४० वार, सव्वाशे मीटरच्या वर. इंचाला चार टाके धरले तर वीस हजार टाके. सरावलेल्या हाताला एका ओळीला अर्धा तास ते चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे नुसत्या धावदोऱ्याला तीस ते चाळीस तास. कापड तपासणं, कापणं, जोडणं, गोट लावणं याचे आणखी आठ तास.

तासाचा दर कसा ठरवायचा? तुमच्या गावात खुरपणीला बाईला जो रोज मिळतो, त्याच्या खाली सुईचा रोज जाऊ देऊ नका. उन्हात राबणं कष्टाचं आहेच, पण वीस हजार टाके सारखे घालायलाही वर्षांचा हात लागतो. समजा रोज ४०० रुपये, आठ तासांचा, म्हणजे तासाला ५०. चाळीस तासांचे २,०००, आठ तासांचे ४००, दोरा-मेण-अस्तर-बांधणीचे ३५०. बेरीज २,७५०. यावर पंधरा टक्के धरा, मशीनची दुरुस्ती, चष्मा, फोन, फुकट जाणारे तास यांसाठी. साधारण ३,१५० रुपये. तुमच्या गावचा रोज घालून हा हिशोब पुन्हा करा, माझा आकडा उचलू नका. निम्मे पैसे कापड हाती आल्यावर आणि वहीतलं पान मान्य झाल्यावर, उरलेले गोधडीचा फोटो पाठवल्यावर, पार्सल टाकायच्या आधी. पार्सलखर्च वेगळा. नात्यातल्यांना सूट द्यायची असेल तर पूर्ण मजुरी लिहून मग सूट लिहा. नुसता कमी आकडा सांगितला की तोच तुमचा दर म्हणून गावभर होतो.

एवढं परवडत नाही असं म्हणणाऱ्याला परत पाठवू नका, दर मात्र पाडू नका. दुसरा प्रकार ठेवा. मशीनवर दोन-दोन इंचांवर टीप मारली तर तीस ओळी, चौसष्ट मीटर. कच्चे टाके, जोडणी, गोट धरून एका दिवसात होते. तिचा दर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बसतो. चार थरांना १६ नंबरची सुई लावा, जोडाच्या जागी १८, टाका मोठा ठेवा आणि दाब कमी करा. दोन्ही प्रकारांचा एकेक हातभर नमुना करून ठेवा. गिऱ्हाइकाने दोन्ही हाताळून बघितले की बहुतेक वेळा तुम्हाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

भरतकामाचं थोडं वेगळं आहे. गोधडीत वेळ मोजता येतो, भरतकामात नक्षी बघून अंदाज करावा लागतो, आणि नवशिका अंदाज नेहमी कमी पडतो. त्यामुळे कुठलंही काम घ्यायच्या आधी त्यातलं एक फूल किंवा एक अक्षर भरून घड्याळ लावा. त्यावरून दर सांगा. आठ मीटरची सहापदरी लडी घ्यायची आणि गरजेप्रमाणे पदर सुटे करायचे. नावाला दोन पदर, मोठ्या फुलाला तीन. नावं हे सगळ्यात जास्त मागणी असलेलं आणि सगळ्यात जास्त चुका होणारं काम आहे. ‘सई’ आणि ‘साई’, ‘मिरा’ आणि ‘मीरा’, बाळाच्या दुपट्यावर एक वेलांटी चुकली की बारशात सगळ्यांच्या नजरेला येते. नाव फोनवर ऐकून कधीच घेऊ नका. त्यांनी देवनागरीत लिहून पाठवायचं, तुम्ही कापडावर छाप उतरवून फोटो पाठवायचा, होकार आला की सुई. आधी पट्टीने शिरोरेषा आखा आणि अक्षरं तिला लटकवा. शिरोरेषा शेवटी भरा, म्हणजे अक्षरांची टोकं तिच्याखाली झाकली जातात.

छाप उतरवायला टोचलेला ट्रेसिंग कागद आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. फक्त रॉकेल पूर्ण उडाल्याशिवाय इस्त्री जवळ नेऊ नका आणि बाळाच्या कपड्यावर ती वापरू नका. तिथे पाण्याने जाणारं पेन बरं. रात्री भरतकामाची रिंग काढून ठेवा, नाहीतर कापडावर गोल वळ उमटतो तो निघत नाही.

बाळाची दुपटी, कुंच्या, टोपडी यांचं काम बारमाही येतं आणि हात बसवायला चांगलं. आरसे, मणी, कवड्या, सुटी बटणं यातलं काहीही बाळाच्या वस्तूवर नको, गिऱ्हाइकाने हट्ट केला तरी नको. तुटलेला मणी बाळाच्या तोंडात जातो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल पांघरूण टाकू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून मी दुपटं देताना ते खाली अंथरायला किंवा जागेपणी मांडीवर घेताना वापरा, असं आवर्जून सांगते.

रुखवताचं काम लग्नसराईत येतं, आसनं, तोरणं, उशांचे अभ्रे, नवरा-नवरीच्या नावांचे रुमाल. त्यात पैसा आहे, पण तारीख एक दिवसही हलत नाही. लग्नाच्या पंधरा दिवस आधी द्यायचं ठरवूनच घ्या.

बंजारा भरतकामाबद्दल एक सांगायचं आहे. बीड, परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये तांडे आहेत आणि जुन्या फेटिया-कांचळीवरचे, म्हणजे त्यांच्या घागरा-चोळीवरचे, आरसे, कवड्या, घट्ट बारीक टाके बघून शहरातली गिऱ्हाइकं ‘तसंच करून द्या’ म्हणतात. ते काम ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच करून घ्या. तुमच्या जवळच्या तांड्यावर असा हात असलेल्या मावशी सापडतील. त्यांनी सांगितलेली मजुरी द्या आणि गिऱ्हाइकाला त्यांचं काम म्हणून सांगा. दुरून बघून उतरवलेली नक्कल ओळखू येते, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे जपलं त्यांच्या हातात पैसा जात नाही, हे मला पटत नाही.

आता दिवाळीचं. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो. गोधडीची मागणी थंडीच्या तोंडावर येते, आणि नेमकं तेव्हा आपल्याकडे बाईमाणूस मोकळं नसतं. सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी. बीडकडची ऊसतोडीची बिऱ्हाडं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. मदतीला कोणी मिळत नाही, तुमचंही शेत असेल तर तुम्हीही सापडत नाही. गोधडी शिवायचा आपला हंगाम म्हणजे उन्हाळा, रानात काम नसतं तेव्हा दुपारच्या सावलीत. आपल्या आज्या तेव्हाच शिवायच्या. धंदाही त्याच चालीवर बसवा. फेब्रुवारीपासूनच जुन्या गिऱ्हाइकांना कळवा की थंडीची गोधडी हवी असेल तर लुगडी आत्ता पाठवा, उन्हाळ्यात दिलेल्या कामाला थोडी सूट. मार्च ते मे हाताची शिलाई, पावसाळ्यात भरतकाम आणि छोट्या वस्तू, कारण मोठं कापड तेव्हा वाळत नाही आणि दमट गोधडी घडी घातली की बुरशीचे काळे ठिपके पडतात. दसऱ्यानंतर नवी हातशिलाईची ऑर्डर घेऊ नये, फक्त मशीनची.

पुण्याच्या ताईंना म्हणून तारीख सांगू नका, मुदत सांगा: कापड हाती आल्यापासून सहा आठवडे. घरचं आटोपून रोज तीन तास बसलात तरी नुसत्या टाक्यांना दोन आठवडे जातात. मध्ये पाहुणे, पाऊस, सणवार, दुखणं येतंच. दिवाळी त्यात बसली तर उत्तम. बसत नसेल तर आजच कळवा. आईच्या आठवणीसाठी गोधडी करून घेणारं माणूस महिनाभर थांबतं. दिलेला शब्द मोडला तर मात्र ते विसरत नाही.

घरात कापड कुठे ठेवणार, हेही आत्ताच ठरवा. पत्र्याची पेटी, तीही विटांवर उचलून ठेवलेली, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं गाठोडं, त्यावर नावाची चिठ्ठी. मातीच्या घरात वाळवी आणि उंदीर एका रात्रीत लुगडं संपवतात. पॉलिथिनमध्ये बांधून ठेवू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो. शिवायची जागा चुलीपासून आणि हळदीच्या डब्यापासून लांब. उजेड डाव्या खांद्यावरून यावा. जमिनीवर वाकून तासन्‌तास बसणं कमरेला महागात पडतं, पाटावर किंवा उशीला टेकून बसा, अर्ध्या तासाने उठा.

काम वाढलं की शेजारच्या बायका लागतील. एक गोधडी दोघींनी भरली की टाक्यांची ओढ वेगळी पडते आणि ते पाठीमागून दिसतं. म्हणून एका गोधडीचा धावदोरा एकाच हाताचा ठेवा, जोडणी आणि गोट दुसऱ्या बाईकडे द्या. मजुरी काम संपलं त्याच दिवशी हातावर. गिऱ्हाइकाचे पैसे यायचे आहेत म्हणून बाईची मजुरी कधीही अडवू नका, तेवढी रक्कम आगाऊतून बाजूला काढून ठेवा.

पार्सल पाठवताना गोधडी घट्ट गुंडाळा, आधी प्लास्टिकची पिशवी, वरून शिवलेली कापडी. कुरियरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात, फुगलेल्या गोधडीला दुपटीने पैसे पडतात. टपालाचा आणि कुरियरचा दर दर वेळी विचारून मगच सांगा.

मशीनचं बोलू. भरतकामाची कॉम्प्युटर मशीन आत्ता घेऊ नका. ती घेतली की शाळेचे गणवेश, टी-शर्टवरची नावं अशी शेकड्यांनी येणारी कामं लागतात, आणि ती कामं शहरातल्या दुकानांकडे आधीच आहेत. तुमच्याकडे लोक हाताच्या कामासाठी येत आहेत. शिवाय आपल्याकडे वीज जाते, तेव्हा पायमशीन चालू राहते. आहे त्याच मशीनला मोटर बसवा, पायडल काढू नका, दोन्ही ठेवा. जाड कामाला मोठी शिलाई मशीन पुढे लागेल, ती वर्षभराची वही बघून ठरवा.

कर्जाआधी एक क्रम लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं साहाय्य, आणि लागलं तर पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज आहे. घरटी एकालाच मिळते. पण मागच्या पाच वर्षांत मुद्रासारखं सरकारी योजनेचं कर्ज घेतलेलं असेल आणि ते फिटलेलं नसेल, तर विश्वकर्मा अडते. म्हणून मुद्राच्या शिशू गटाचं, ५०,००० रुपयांपर्यंतचं, विनातारण कर्ज काढायच्या आधी विश्वकर्माची चौकशी करा. अर्ज सामायिक सुविधा केंद्रात होतो, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. भरतकामासाठी केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांचं ‘पहचान’ ओळखपत्र काढून ठेवा, प्रदर्शनांच्या वेळी उपयोगी पडतं. बचत गटात असाल तर उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कार्यालयात बचत गटांच्या मालाच्या सरस प्रदर्शनाबद्दल आत्ताच नाव सांगून ठेवा.

जीएसटीची काळजी सध्या सोडा. गिऱ्हाइकाच्याच कापडावर काम करून देणं ही सेवा धरली जाते आणि सेवेला वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. स्वतःच्या कापडाच्या तयार गोधड्या परराज्यात किंवा मोठ्या ऑनलाइन दुकानांवर विकायला लागाल, तेव्हा नियम वेगळे आहेत, त्या वेळी कर सल्लागाराला विचारा. बँकेत या कामाचं वेगळं खातं मात्र पहिल्या गोधडीपासून ठेवा आणि पुण्याच्या ताईंचे निम्मे पैसे त्याच खात्यावर मागवा.